शंभर मिलिमीटर

कागदावर एक आडवी रेघ.
डाव्या टोकाशी लिहिलंय: काहीच दुखत नाही.
उजव्या टोकाशी: याहून जास्त कल्पनाच करवत नाही.
मध्ये आकडे नाहीत, खुणा नाहीत,
हामरफेस्टच्या रस्त्यासारखी नुसती रेघ,
एका अंगाला डोंगर, एका अंगाला समुद्र.
यावर कुठेतरी फुली मारा, मी म्हणते,
आणि माणसं पेन्सिल हातात घेऊन थबकतात.

हालडिस एकतीस वर्षं कॉड कापतेय,
अक्षरशः मान मोडून.
"आजचं सांगू की कालचं?
की डाव्या कुशीवर वळतानाचं?"
गेल्या आठवड्याची सरासरी, मी म्हणते
आणि माझी मलाच लाज वाटते.
ती गेल्यावर पट्टी लावते.
बहात्तर.

एकशे अठरा माणसं, दोन गट.
निम्म्यांना खरा लेझर.
निम्म्यांना तेच यंत्र, तोच हिरवा दिवा, तीच पिपाणी,
आत काहीच नाही.
कुणाला काय, हे ना त्यांना ठाऊक ना मला;
लिफाफे ट्रॉम्सोच्या कपाटात.
मी फक्त यंत्र धरते मानेवर, बारा मिनिटं,
दुसरा हात खांद्यावर.
नाहीतर ठेवायचा कुठे?

बारा मिनिटं फार असतात.
आस्लाक सांगतो, रेनडिअर आता स्नोस्कूटरवरूनच हाकतो,
कळप मागे राहिला का बघायला
अख्खं धड वळवावं लागतं.
हालडिस सांगते बहिणीबद्दल,
जिच्याशी अकरा वर्षं अबोला आहे, एका होडीवरून.
क्रमांक त्र्याण्णव काहीच सांगत नाही.
चौथ्या वेळी ती आलीच नाही.
तक्त्यात तिची नोंद: पाठपुराव्यातून गळाली.
गळाली. खिशातून किल्ली गळावी तशी.
बरं वाटलं म्हणून आली नाही,
की जिना उतरवेना म्हणून?

मार्चमध्ये लिफाफे फुटले.
दोन्ही गट सुधारले, जवळपास सारखेच.
फरक चार मिलिमीटर, खऱ्याच्या बाजूनं,
पण तोही एक पाय शून्याच्या अलीकडे
अन् एक पलीकडे टाकून उभा.
अहवालात लिहिलं: खात्रीनं सांगता येत नाही.
हे वाक्य मला आवडतं.
ते खोटं बोलत नाही.

नियमाप्रमाणे सगळ्यांना पत्रं गेली.
हालडिस आली, बर्फाचे बूट न काढताच.
"म्हणजे माझं बंद होतं."
हो.
"मग बरं कशानं वाटलं?"
मी सांगितलं: दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं,
माणसं भरतीला दवाखान्यात येतात.
शिवाय आशा. शिवाय हात, कदाचित.
तिनं मान हलवली, हलते तेवढी.
मग म्हणाली,
"आणि कारखान्यातलं टेबल?"
कुठलं टेबल?
"ज्यावर मी एकतीस वर्षं वाकतेय.
ते वर उचलायला कुठला गट लागतो?"
टेबलाची उंची वाढवून मान बरी होते
असा ठाम पुरावा नाही, मी म्हणाले.
खरंच नाही. मी शोधलाय.
"ते कुणी मोजलंय तरी कधी?"

सोमवारी पहाटे सहाला गेले.
जमीन ओली, रेडिओ चालू,
बायका सुऱ्यांना धार लावत होत्या.
माझी पट्टी तीस सेंटिमीटरची.
तीनदा लावावी लागली, मध्ये अंगठा धरून.
एक्क्याऐंशी.
हालडिसनं तो आकडा खडूनं
टेबलाच्या पायावर लिहिला,
आणि पहिला कॉड ओढला.