लॉट नंबर सात

लिलावात कोणी बोलीच लावत नव्हतं.
खरेदी-विक्री संघाच्या आवारात, बाभळीखाली,
लॉट नंबर सात:
लांब पाठीची एक जुनी डिझेल गाडी,
चेअरमनचं सागवानी टेबल
आणि काटा अडकलेला वजनकाटा.
घ्यायचं तर सगळं घ्या, शिपाई म्हणाला, सुटं नाही.
भोजराजनं हात वर केला.
घाम पुसायला की बोली लावायला,
हे मी अजून विचारलेलं नाही.

साडेअकरा हजार.
वही घातली. डाव्या पानावर खर्च,
उजव्या पानावर नुसतंच 'जमा'.

ट्रॅक्टरला बांधून घाटंजीत आणली तेव्हा
दोन चाकं फिरत होती, दोन घासत होती.
पानठेल्यावरून गुलाब राऊत ओरडला,
"काहून वो वहिनी, गाडी घेतली का चाळणी?"
खरंच होतं त्याचं.
मागच्या सीटवर बसलं की पायांमधून जमीन दिसायची.
एक मुंगळा आडवा चालला होता,
मी पाय उचलला.

आमचं दुकान मोटार वायंडिंगचं.
विहिरीतल्या जळक्या मोटारी येतात,
नवी तार पोटात घेऊन जातात.
स्टार्टर त्यानं स्वतःच भरला, रात्री,
वेढे मोजत, ओठ हलवत.
हाक मारली की पुन्हा एकपासून.
पत्रा डांबराच्या रिकाम्या पिंपाचा.
वेल्डर इस्माईलला मजुरी नको होती,
सासऱ्याची मोटार भरून हवी होती.
मी पॉलिश पेपर घेऊन दारांवर.
गंजाखाली गंज, त्याखाली आणखी गंज,
आणि मग कुठेतरी नाण्याएवढा
कोरा, थंड, पांढरा पत्रा.
त्या दिवशी मी तिथेच थांबले, पुढे घासलं नाही.

छताला कापड परवडेना.
तीन फ्लेक्स बॅनर उलटे करून शिवले.
ऊन पडलं की आरपार दिसतात
कोणा भावी सरपंचाचे दात
आणि उलट्या अक्षरांत वाढदिवसाच्या शुभेच्छा.

वजनकाटा भंगारात गेला: जमा नऊशे चाळीस.
चेअरमनचं टेबल डिक्कीचा तळ झालं.
ड्रॉवरची कुलपाची भोकं तेवढी राहिली,
बुजवायला पुट्टी संपली होती.

रंग समोरून सुरू केला, आभाळी, दीड डबा.
मधल्या दारापर्यंत आलो
आणि नागड्या मानेची आमची कोंबडी
डिक्कीत खुडूक बसली.
त्या सागवानावर, माझ्या उरलेल्या चिंध्यांत.
खाली किती अंडी, मोजू देईना. बोट फोडलं माझं.
"बसू दे तिले," भोजराज म्हणाला,
"गाडी तीस वर्सं थांबली, एकवीस दिवस अजून."

सतराव्या दिवशी त्याला राहवलं नाही.
उधारीची बॅटरी, बाटलीतून डिझेल,
पंपातली हवा काढत काढत
दोनदा नुसती खोकली,
तिसऱ्यांदा अंगणभर काळा धूर,
कपाटातली भांडी वाजली,
गुलाब राऊत पान तसंच हातात घेऊन पळत आला.
आणि आम्ही दोघं
बॉनेटकडे नाही, मागे धावलो.
ती तिथेच. पिसं फुगवलेली,
एक डोळा मिटलेला, एक आमच्यावर.
सगळी गाडी थरथरत होती, तीही त्यात थरथरत होती,
उठली नाही.
भोजराजनं चावी फिरवली. बंद.
चार दिवस पुन्हा हात लावला नाही.

आता पारव्यापर्यंत जाते, येतेही.
मागे चार मोटारी आरामात मावतात.
आभाळी रंग मधल्या दारापर्यंत, पुढे लाल ऑक्साईड,
त्या कंपनीची ती छटा बंद झाली म्हणे.
ग्रीन टॅक्सचं अजून आरटीओत अडलंय.

वही परवा बंद केली.
डावीकडे एकूण एकेचाळीस हजार तीनशे साठ.
उजवीकडे काट्याचे नऊशे चाळीस,
त्याखाली माझ्या अक्षरात: पिल्लं, नऊ.
नऊ खोडलंय.
एक घारीनं नेलं.
आठ.