टंच

हुपरीच्या शाळेत मशीनची गाडी आली.
फॉर्मवर बोट ठेवून नर्स म्हणाली,
"इथं सही, मावशी."

रत्नव्वाच्या बोटांना डाखाचे चटके,
चाळीस वर्षं पैंजणांना घुंगरं लावून.
"टंच काढणाऱ्याचाबी हात चुकतोय, बाई.
तुमचं मशीन किती चुकतंय?
नसलेलं दावलं, तर उगंच कापणार का?
आन् असलेलं हुकलं, तर?"

मागं रांग कुजबुजली. कुणीतरी हसलं.
नर्सनं खुर्ची ओढली,
फॉर्मच्या पाठीवर ठिपक्यांच्या दहा ओळी काढल्या,
त्यातले काही गोलात घेतले.
रत्नव्वा बोटानं मोजत राहिली,
डझनाला घुंगरं मोजावीत तशी.
एका गोलापाशी थांबली.

मग कागद घडी करून कनवटीला लावला.
"गाडी उद्या हाय न्हवं?
उद्या सांगते."