पट्टी आधी कापू नकोस

शुक्रवारी रात्रीच चारही बोल्टांना तेल पाजून ठेवलं.
लेक सुपीरियरच्या या काठावर
सहा महिने रस्त्यांवर मीठ पडतं,
गाड्या खालून मुरत जातात
खारवलेल्या माशासारख्या.

पार्ट्सच्या दुकानातला एल्मर म्हणाला,
आउने, या वयात गाडीखाली शिरतेस कशाला, माझ्याकडे टाक.
किती घेशील, मी विचारलं.
त्यानं आकडा सांगितला.
मी दोन डबे काखोटीला मारून घरी आले.

खाली शिरायला टेट होता.
बहिणीचा मुलगा, वय पंधरा,
शाळेनं तीन आठवडे घरी बसवलेला.
काय केलंस ते मी विचारलं नाही.
दहा दिवसांत सहा वाक्यं बोलला होता,
त्यातली दोन मांजराशी.

पुढच्या चाकांना बर्चचे ओंडके लावले.
जॅकवर विश्वास ठेवायचा नाही, मी म्हटलं,
स्टँडवर ठेवायचा,
तोही पिकअप एकदा गदागदा हलवून बघितल्यावर.
त्यानं हलवली. मग पाठीवर सरकत आत गेला.
आता मला फक्त बूट दिसत होते,
उजव्याची नाडी सुटलेली.

डावीकडचा वरचा बोल्ट मुकाट्यानं निघाला.
खालचा हटून बसला.
पान्याला नळी लावून पाहिली,
गॅसच्या ज्योतीनं लाल करून पाहिला,
आजोबांनी तांब्याच्या खाणीतून वर आणलेल्या
फिनिश शिव्याही घालून पाहिल्या,
कारण इंग्रजी शिव्यांना गंज दाद देत नाही.
बुटांमधून हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.
शेवटी करवत.
पाऊण तास.
बाहेर आला तेव्हा भुवया विटकरी.

जुना शॉकअप मी जमिनीवर टेकवून दाबला.
खाली गेला तो गेला, वर यायचं नाव नाही.
तेल कधीच गळून गेलेलं.
मग गाडी इतके दिवस कशावर चालत होती?
कमानपाट्यांवर, म्हटलं. वजन तेच पेलतात.
पण एकदा उसळले की उसळतच राहतात,
त्यांना बस म्हणणारा हा.
टेट त्या नळकांड्याकडे बघत राहिला
आणि अंगठ्यानं त्यावरचा चिखल खरवडू लागला.

नवा डब्यातून निघाला तो आखडलेला,
प्लास्टिकच्या पट्टीनं करकचून बांधलेला.
पट्टी आधी कापू, एवढं माझ्या तोंडून निघेतो
त्यानं कापलीच.

दांडा बाहेर येऊ लागला.
कुणी ओढत नव्हतं.
सावकाश, इंच इंच,
झोपेतून उठणाऱ्यानं हात ताणावा तसा,
आणि टेट हात लांब धरून उभा,
जणू चुकून काहीतरी जिवंत केलं.

बिघडवला का मी?
नाही रे. आत गॅस आहे, तो असाच वागतो.
आता दाबून बसवावा लागेल, एवढंच.

एवढंच म्हणजे वीस मिनिटं.
मी गुडघा लावला, त्यानं खांदा.
तीनदा निसटला. एकदा माझ्या हनुवटीला लागला.
चौथ्यांदा भोकासमोर भोक आलं
तेव्हा बोल्ट त्याच्या दातांत होता.

उजवीकडचा त्यानं एकट्यानं बसवला.
वरचा बोल्ट आधी. मग खालचं टोक समोर धरून
पट्टी कापली, आणि थांबला.
दांडा आपणहून जागेवर आला.
मी कॉफी आणायला गेले होते म्हणून सांगितलं,
खरं म्हणजे खिडकीतून बघत होते.

चाकं जमिनीला टेकवून, गाडीचा भार घेऊन
मगच नट शेवटचे आवळले.
मागच्या बंपरवर तो धबकन बसला.
गाडी दबली, वर आली,
थांबली.
तो पुन्हा बसला. पुन्हा. पुन्हा.
शेजारच्या लेम्पीनं पडदा बाजूला केला.

संध्याकाळी जुन्या खाणीच्या रस्त्यानं गेलो.
रेल्वेचे रूळ आले तशी त्यानं
डोक्यावरची कडी सवयीनं घट्ट धरली,
मान आखडली, डोळे बारीक.
रूळ मागे गेले.
हात मात्र बराच वेळ तिथंच, कडीवर,
काळ्या नखांचा.