दोन बोटं माया

अप्परच्या शेवटच्या स्टॉपसमोर माझं दुकान.
सात बाय नऊ. दोन मशिनं, एक आरसा,
एक पडदा, जो कधीच नीट लागत नाही.
बावीस वर्षं बायकांची मापं घेते मी.
टेप छातीवरून फिरवताना कोण श्वास चोरतं
त्यावरून मला तारीख कळते.
"ताई, पुढच्या आठवड्यात या," मी म्हणते,
"आज माप जास्त येईल."
काहीजणी लाजतात. कुणी विचारत नाही, कसं कळलं.

माझं मात्र मलाच कळेनासं झालंय.

सत्तेचाळीस पूर्ण. आधी सगळं घड्याळ होतं :
चार दिवस आधी कंबर, दोन दिवस आधी गोड,
आदल्या दिवशी नणंदेवर राग,
मग पाळी, एकदाची सुटका.
आता आदला दिवसच एकोणीस दिवस टिकतो.
जिना उतरताना छाती हाताने धरावी लागते,
बोटातली अंगठी निघत नाही,
आणि यायचं ते येतच नाही.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी गोल करते.
ह्यांना वाटतं, सिलिंडर लावल्याची खूण.
परवा म्हणाले, "गॅस फार लवकर संपतोय गं हल्ली."
म्हटलं, "हो. आणि कधी दोन-दोन महिने पुरतो."

काल खणाचा ब्लाउज होता, थोपटे वहिनींचा,
मुलीच्या साखरपुड्यासाठी.
बॉबिन संपली. नुसती बॉबिन.
आणि मी रडले, पाय पायडलवर तसाच ठेवून.
मशीन टाके घालत राहिलं
बिनदोऱ्याचे.
नसरीन फॉल लावते माझ्याकडे, वय तेवीस.
तिने शटर अर्धं खाली ओढलं,
समोरून दोन चहा आणले, एकात साखर जास्त.
सकाळीच ओरडले होते तिच्यावर,
एका हुकासाठी.
आवाज माझाच, पण
कुणीतरी माझ्या मापाचं दुसरंच काही
माझ्यावर घालून बघत असल्यासारखा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जायच्या आधी असंच असतं.
दोन वर्षं, चार वर्षं, सांगता येत नाही."
मी म्हटलं, "म्हणजे पाहुणे निघतात,
चपला घालतात, आणि दारातच तासभर बोलत उभे राहतात, तसं?"
त्या हसल्या. गोळ्या लिहिल्या.
टेबलाखाली त्यांनी स्वतःच्या चपला काढून ठेवलेल्या,
पाय सुजलेले.

रात्री तीनला जाग.
मार्केट यार्डाकडे जाणारे टेम्पो चढावर गिअर बदलतात.
कांद्याचा कुठला, कोथिंबिरीचा कुठला,
आवाजावरून सांगू शकेन आता.
पंखा पाचवर. ह्यांच्या डोक्यावरून चादर.
मी उठते, दिवा न लावता,
घट्ट झालेला माझाच एक ब्लाउज उसवायला घेते.

शिवणकामात जे खरं महत्त्वाचं, ते दिसत नाही.
बाजूच्या शिवणीत, आत दुमडून,
दोन बोटं कापड जास्त सोडायचं.
त्याला माया म्हणतात.
अंग बदललं की लागेल तेवढं उसवायचं, सैल करायचं.
सगळ्या अप्परच्या ब्लाउजांत मी माया ठेवली.
माझे शिवले उरल्यासुरल्या तुकड्यांचे,
अगदी मापाला माप.
पाच टाके उसवले. आत काहीच नव्हतं.

सकाळी नसरीनला म्हटलं, टेप घे.
"कुणाचं माप?"
"माझं."
तिने टेप फिरवला. मी श्वास चोरला.
"मावशी, आज जास्त येतंय."
"येऊ दे. येतंय तेच लिही."
मग कापड पसरून तिने खडूने रेघ मारली,
रेघेबाहेर दोन बोटं मोजली,
आणि माझ्याकडे न बघता
तिसरं.

थोपटे वहिनींचा खण तसाच पडलाय.
बारापर्यंत द्यायचाय.