मीटरचं रीडिंग

तीन दिवस झाले, आरागात्स काही दिसत नाही.
चार शिखरांचा डोंगर, खिडकीतूनच दिसतो म्हणे,
म्हणून तर ग्युमरीतली ही खोली घेतली
दोन हजार द्राम जास्त मोजून.
खिडकीत ट्रायपॉड, ट्रायपॉडवर कॅमेरा,
कॅमेऱ्यासमोर ढग
आणि ढगाच्या अलीकडे आडवी एक दोरी,
दोरीवर कुणाचे तरी राखाडी मोजे, टाचेला तांबडे.
एकूण अकरा.
रोज सकाळी मी फ्रेम अशी लावते
की मोजे बाहेर राहतील.

दुरून डोंगर साजरे, हे ठाऊक होतं.
दुरूनही दिसेनात, त्यांना काय म्हणावं?

ह्रानुश, घरमालकीण, पिठाच्या हातांनी दारात येते.
अर्धं रशियनमध्ये, अर्धं खुणांनी:
हा लांबचं दाखवतो?
दाखवतो.
जवळचं?
जवळचंही.
मग चल.

जिन्यात काळा दगड. भूकंपाची चीर
वेगळ्याच रंगाच्या सिमेंटने बुजवलेली.
उतरता उतरता ती चिरेला बोट लावते,
आपण उंबऱ्याला लावतो तसं,
आणि बोलणं न तोडता पुढे जाते.
बोलणं फोनचं चाललंय:
कोबीच्या बरणीत पडल्यापासून तो नुसता ऐकतो नि बोलतो,
त्याचे डोळे गेले. माझेही जाताहेत.
आणि ह्राइरला तिकडे क्रास्नोदारमध्ये
दर महिन्याला आकडा लागतो.
बिल तोच भरतो.

जिन्याखाली गॅसचं मीटर.
ती पदरासारखं अ‍ॅप्रनचं टोक ओलं करते
आणि काच पुसते,
फोटोआधी पोराचं तोंड पुसावं तशी, जरा रागानेच.
दिवा नाही. ती कुणाला तरी हाक मारते.
शेजारचा मुक्रतिच, चांभार, तोंडात खिळे धरून येतो
आणि रस्त्याकडचं दार पायाने उघडं धरून उभा राहतो.
तेवढा उजेड आत येतो.
दाराएवढा, ऑक्टोबरचा,
थोडा कोबीचा वास असलेला.

सोनेरी प्रहरासाठी मी वाळवंटात रात्री काढल्यात.
इथे श्वास धरला, भिंतीला खांदा टेकला,
एक पंधरांश सेकंद.

शून्य चार सात एक नऊ.
ती आकडे तिच्या भाषेत मोठ्याने वाचते,
मुक्रतिच खिळ्यांमधून तेच पुन्हा म्हणतो,
हिशेब जुळतो.
मग तिला काचेत ती दिसते.
सातावर स्कार्फ, नवावर गाल, गालावर पीठ,
मागे उघडं दार, दारात एक पाय,
पायात राखाडी मोजा, टाचेला तांबडा.
दुसरा पाय उघडाच.
मी कशाला आलेय यात? ती म्हणते.
माझेही पैसे लावतील.

फोटो गेला.
रात्री दोन ओळी आल्या, माझ्याच फोनवर.
मी वाचू शकत नव्हते, तिला चष्म्याविना दिसत नव्हतं,
मुक्रतिचला वर बोलावलं.
त्याने वाचलं:
पैसे भरले.
आई, हा हिरवा स्कार्फ कधी घेतलास?

ह्रानुशने कॉफी ओतली. उतू जाऊ दिली नाही.
चार वर्षं झाली, ती म्हणाली.
मला नाही, भांड्याला.

चौथ्या पहाटे आरागात्स उघडा पडला,
चारही शिखरं, वर कोवळं बर्फ.
मी चाळीस फोटो काढले. चांगले आलेत.
सगळ्यांचे येतात तसेच.
एकेचाळिसाव्यासाठी वाकले, तर फ्रेमच्या कडेला मोजे.
या वेळी बाहेर काढले नाहीत.
मोजायला लागले,
सहाव्यावर असताना दारावर थाप.

ह्रानुश, हातात ओला फडका.
केस विंचरलेले, गालाला पीठ नाही.
पाण्याचंही मीटर आहे, ती म्हणाली.