चाळीस नंबरचं दार

शाहेदा आपांच्या टायपिंग क्लासात बारा पडदे.
त्यातले पाच, परवाच्या अपडेटनंतर, काळे.
काळ्यावर एक निळी चौकट तरंगते
'सिग्नल नाही' म्हणत,
या कडेला आदळून त्या कडेला.

"पंखा फिरायलाय, लाइट लागायलाय,
मग हे पोरगं बोलंना कशामुळं?"
मॉनिटरला आपा पोरगंच म्हणतात.

पोरं हैदराबादच्या भंगारातली,
डबे नांदेडहून नवे आणलेले,
तोंडं जुळत नाहीत एकमेकांची.
म्हणून मधे बोटभर अडॅप्टर,
सायन्नाच्या दुकानातला, दोनशे दहाला,
गॅरंटी उंबऱ्यापर्यंत.

मी बाकावर बसते, मांडीवर लॅपटॉप.
ड्रायव्हर करतो ते एवढंच :
तारेवरून चाळीस नंबरच्या दाराशी जातो
(त्यांच्या मोजणीतलं चाळीस, आपलं चौसष्ट),
कडी वाजवतो, विचारतो, कोण?
आतल्यानं नाव सांगायचं,
सोळा अक्षरं, एक कमी चालत नाही.
मग पडदा उजळतो.

लॉग काढला.
कोण?
आणि लगेच खालच्या ओळीत :
कुणी जोडलेलं नाही.

इतक्या झटक्यात मोकळं झालं कोण,
म्हणून त्या ओळीचा इतिहास उलगडला
तर माझंच नाव.
गेल्या श्रावणातली तारीख,
आणि माझ्याच हातची टीप :
'अनावश्यक थांबणं काढून टाकलं.'

आपा चहा ठेवून गेल्या. मी वर बघितलं नाही.

पुण्यातल्या टेबलावर अनावश्यकच होतं ते.
तिथं वीज सरळ येते.
इथं सातला तेलगिरणी सुरू झाली
की देगलूरभर बल्ब पिवळे पडतात,
आणि दोनशे दहाचा अडॅप्टर
डोळे चोळत उठेपर्यंत
विचारणारा पुढच्या गल्लीत गेलेला असतो.

त्यातल्या दोघांना तर नावाची चिपच नाही.
नियमाचं पुस्तक पुन्हा वाचलं, बारीक टाइपातलं :
साध्या जातीच्या अडॅप्टरला
नाव सांगायची सक्ती नव्हतीच कधी.

आमच्या गल्लीत तरी कोण सांगतं?
कोण, म्हटलं की
मी. मैं. नेनु. नानु.
चार भाषांत एकच उत्तर, आणि तेही उत्तर नव्हे.
पोशट्टीमामा तेवढंही बोलत नाही,
दाराशी येऊन नुसता खोकतो,
आत एक कप पाणी जास्त पडतं.

रात्री साडेनऊला लिहिल्या त्या सात ओळी.
विचार. वीस मिलिसेकंद थांब.
पुन्हा विचार. पुन्हा थांब.
तिसऱ्यांदाही आवाज नाही आला
तर कुणी नाही असं लिहू नकोस,
बिननावाचा आहे असं धर,
त्याच्या पाठीमागच्या पडद्याशी बोलून बघ,
तो बोलला तर उजळ,
फक्त एकशे पासष्टच्या वर पळवू नकोस, झेपणार नाही त्याला.

आणि खरंच कुणी नसलं तर?
तर साठ मिलिसेकंद वाया.
जाऊ देत.

टीप लिहिताना जरा वेळ लागला.
'थांबणं आवश्यक होतं' एवढं लिहिलं,
मग 'चूक माझी' जोडलं,
मग खोडलं, मग परत जोडलं.

एक उजळला. दुसरा.
तिसरा आधी जांभळा झाला, मग शहाणा झाला.
चौथ्यावर कुणा पोरीचा अर्धवट अर्ज
होता तसा उघडा, कर्सर लुकलुकत,
'महोदय, मी खाली सही करणारी' इथं थांबलेला.

पाचवा नाही.
तार बदलली, अडॅप्टर बदलला, गिरणी बंद व्हायची वाट बघितली.
नाही.
"ह्याला काय झालंय?"
"हा खरंच गेलाय, आपा."
आपांनी मान हलवली.
मग बाकीच्या अकरांवर घातले तसे,
धूळ बसू नये म्हणून,
त्याच्यावरही फडकं घातलं
आणि कोपरे खाली ओढून नीट केले.