पस्तीस इंच

मे महिन्यातच स्वयंपाकघर काढायचं ठरलं.
पोरांना सुट्टी आहे, असं नरसिंग म्हणाला.
आमच्या कारखान्यात मे म्हणजे शाळांचे गणवेश,
दिवसाला साडेतीनशे खाकी चड्ड्या,
माझ्या हाताखाली नऊ बायका, सुट्टी कुणाच्या बापाला.
मी बोलले नाही असं नाही.
बोलले, तेव्हा मिक्सर चालू होता.

तर आता गॅस पुढच्या खोलीत, टीव्हीच्या खाली.
फोडणी दिली की बातम्यांतली बाई खोकते, पवन म्हणतो.
तांदूळ पलंगाखाली, तिखट भार्गवीच्या फळीवर,
जीवशास्त्राच्या पुस्तकाला शेंगाचटणीचा वास.
मीठ सापडत नाही,
सापडतं तेव्हा त्यात सिमेंट असतं.

विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं,
या खेपेला सहाव्या, रात्री अडीचला,
आणि आतल्या नळाला इरण्णानं बूच मारलेलं.
मग गल्लीतून नळी, खिडकीतून आत, बॅरलात.
नरसिंग रात्रपाळीला, टॉवेलच्या मागावर,
फोनवर ओरडतोय, मागे खडखडाट,
ऐकू येतं फक्त "धरा".
धरली.
पवननं चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवलं.
सकाळी इरण्णा आला
आणि निम्मं पाणी वाळूत ओतलं.
सिमेंटला माणसापेक्षा तहान जास्त, म्हणाला.
मी डबा भरत होते. कडक भाकरी, चटणी,
काल होतं तेच.

जुना ओटा फोडला त्या दिवशी
मागच्या फटीतून निघाली
सासूबाईंची विडीची पानं कापायची कातर,
एक पावली, एक वाळून काड्या झालेली पाल.
इरण्णा विटा मोजत हसला.
वैनी, हा एवढा ठेंगणा का, माहितीये?
विटा संपल्या होत्या.

सतरा वर्षं
मी समजत होते, मीच जास्त उंच आहे.

किती उंच घेऊ, त्यानं विचारलं.
मी नरसिंगकडे बघितलं.
तो ग्रॅनाइटच्या पावतीत होता.
तुम्हाला विचारतोय की, इरण्णा म्हणाला,
भाकरी थापता तसा हात धरा.
मी खाकी दोरे चिकटलेला हात उचलला
आणि रेतीच्या पाट्यांमध्ये उभी राहून
हवेत भाकरी थापली.
पवन हसला, मग गप्प झाला.
इरण्णानं कोपराखाली टेप लावला,
भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढली,
लिहिलं : वैनी ३५.

दिवसभर माझ्या हाताखालून मापंच जातात,
बावीस, चोवीस, सव्वीस,
न बघितलेल्या पोरांच्या कमरा.
माझं माप कुणी घेतलं होतं
लग्नातल्या ब्लाउजला, शेवटचं.

त्या भिंतीवर मग सगळ्यांनीच लिहिलं.
टाइलांचे बॉक्स किती. दुधाचे खाडे.
इरण्णाची उचल. भार्गवीच्या टेस्टची तारीख.
पाणी? असं एक, नुसतं प्रश्नचिन्हासह.
प्लंबरचा नंबर, एक आकडा कमी.
मंगळवारी त्या सगळ्यावर टाइल बसली,
फिकी पिवळी, नरसिंगच्या पसंतीची,
आणि दूधवाला म्हणतो खाडे तीनच.
असतील.

आज पहाटे नव्या ओट्याशी उभी आहे.
काळ्या दगडात ट्यूबलाइट दिसते, माझी हनुवटी दिसते.
साडेआठला कारखाना. पीठ मळून झालंय.
हात बरोबर तिथंच पडतो, जिथं पडायला पाहिजे,
पण कंबर,
अडाणी कंबर,
अजून चार विटा खाली वाकते.
भार्गवी मागून येते, पुस्तक काखेत,
पाठीला एक बोट लावते.
सरळ, आई.
थांब की, मी म्हणते,
भाकरी करपेल.